चिनी शिकून काय करायचं?

मैत्रिणींनो, सकाळी उठल्याबरोबर आपण सगळ्याजणी एक चिनी शब्द उच्चारतो, बरं का! ‘चहा’ हा शब्द मूळचा चिनीच. लोणचंही आपण चिनीमातीच्या बरणीत मुरवतो. पण घरातली लेक म्हणाली, “मला चिनी भाषा शिकून विद्यापीठात शिकवायचंय,” की हातातली कपबशी हातातच राहते. माझ्या शिकवणीतल्या एका बारावीच्या मुलीच्या आईनं परवा विचारलंच, “बाई, यात पोट भरतं का? आणि शिकायला तोच देश सापडला का हिला?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देते.

१९६२ साली चीनशी युद्ध झालं, २०२० साली गलवानमध्ये आपले २० जवान गेले. मग ज्या शेजाऱ्याशी वाद, त्याच्या घरात काय बोलणं चाललंय ते आपल्याला कळायला नको? तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे त्यानं लावलेल्या तिखटमिठासकट ऐकायचं. आमच्या शनिशिंगणापूरचंच पाहा ना. घरांना कवाडं न लावण्याची इथली जुनी रीत. भाविक येतात, दर्शन घेतात, बिनकवाडाच्या घरात डोकावतात आणि तासाभरात परततात. मग गावोगाव आमच्याविषयी काय काय सांगतात! इथं नांदणाऱ्या सुनेला विचाराल तर ती वेगळंच सांगेल. चीनचा अभ्यास करणारा प्राध्यापक हा त्या सुनेसारखा असतो. तिथली भाषा शिकतो, आतलं बोलणं ऐकतो आणि मग आपल्याला सांगतो.

सोलापूरचे डॉ. कोटणीस आपल्याला ठाऊक असतात, पण चिनी जाणणारी मराठी माणसं आणखीही होऊन गेली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले प्रा. पु. वि. बापट पालीचे पंडित. ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ इथं नाहीसा झाला होता, पूर्ण उरला तो चिनी भाषांतरात. आजीची पाककृती माहेरी विसरली जावी आणि दूर दिलेल्या लेकीकडे सापडावी, तसंच हे! बापटांनी त्याचा तौलनिक अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला. वसंत परांजपे १९४७ साली पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि १९५४ साली नेहरू-माओ भेटीत दुभाषे झाले.

आणि गो. पु. देशपांडे! ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकाचे लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांची नोकरी होती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, चीनचा विषय शिकवण्याची. त्यांच्या या नाटकाचा नायकही प्राध्यापकच, आपल्या विचारांपायी चौकशीला तोंड देणारा. गोपु २०१३ साली गेले. त्यांच्या पत्नी कालिंदीताई दिल्लीत स्त्रियांच्या चळवळीत होत्या. म्हणजे नवऱ्याचा विषय एक, बायकोचं काम दुसरं, तरी संसार झालाच की!

आता पोटाचं. खोटी आशा दाखवणार नाही. या विषयाच्या जागा थोड्या. एम.ए.ला चांगले गुण हवेत, वर ‘नेट’ किंवा पीएच.डी. हवी. कायम नोकरी मिळेपर्यंत तिशी गाठते. मात्र दुभाषाचं, भाषांतराचं कामही या शिक्षणावर मिळू शकतं. बारावीनंतर नेहरू विद्यापीठात किंवा शांतिनिकेतनच्या चीनभवनात बी.ए.ला चिनी घेता येतं, आणि नेहरू विद्यापीठात तर अगदी पहिल्या अक्षरापासून शिकवतात.

अभ्यास चिकाटीचा. बाराखडी नाहीच, वर्तमानपत्र वाचायला दोनतीन हजार चिन्हं यावी लागतात. सुराचीही गंमत. ‘मा’ एका सुरात म्हटलं तर आई आणि दुसऱ्या सुरात म्हटलं तर घोडा!

म्हणून त्या आईला मी एवढंच सांगितलं, “सुट्टीत रोज दहा चिन्हं वहीत गिरवायला लावा. महिन्याभरात कंटाळली, तर प्रश्नच मिटला. नाही कंटाळली, तर मात्र तिला दिल्लीला धाडायची तयारी ठेवा. लग्नाची घाई करू नका, आणि स्थळ येईल तेव्हा ही नोकरी तिशीत मिळते, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका.”