मोटर शेवटी बदला

जुन्या गाडीची पॉवर विंडो अर्ध्यावर अडकली की आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो: मोटर गेली. मग कुर्ल्याच्या भंगारबाजारात फोन लागतो, पुण्यात असलो तर जुन्या बाजारात चक्कर होते, आणि ‘चालू माल है, शेठ’ एवढ्या भरवशावर एक मोटर घरी येते. ती बसवली की काच थोडे दिवस बरी चालते आणि पुन्हा रडायला लागते. जुन्या गाड्या हौसेनं सांभाळणाऱ्या सगळ्यांना म्हणून एक विनंती आहे. मोटरीला दोष देण्याआधी बाकी सगळं तपासा. तिचा नंबर शेवटचा.

हे पैसे वाचवण्यापुरतं नाही. १९९५ मध्ये पुण्यात डब्ल्यू १२४ मर्सिडीज जुळायला लागली, त्याच सुमारास देवूची सिएलो आणि जनरल मोटर्सची ओपेल ॲस्ट्रा रस्त्यावर आल्या. पुढे देवू बुडाली, आणि जनरल मोटर्सनं २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. अशा कंपन्यांच्या गाड्यांना भंगारातला माल हाच आधार उरतो, आणि तो साठा दरवर्षी आटतो आहे. गरज नसताना उचललेली प्रत्येक चांगली मोटर दुसऱ्या कुणाच्या तरी बंद दरवाजाच्या वाट्याची असते.

सुरुवात काचेपासून करा. काच दोन्ही बाजूंच्या रबरी चॅनलमधून वर जाते. वीस-पंचवीस वर्षांच्या उन्हानं आणि धुळीनं हे रबर कडक होतं, काचेला आवळून धरतं. स्विच दाबून ठेवा आणि दुसऱ्याला दोन्ही तळव्यांनी काच अलगद वर ढकलायला सांगा. मात्र हात वरच्या काठापासून लांब हवेत, कारण या जुन्या यंत्रणांना बोट मध्ये आलं तर थांबायचं कळत नाही. हाताच्या मदतीनं काच सरसर वर गेली तर चॅनलवर संशय घ्या. ओल्या फडक्यानं चॅनल पुसून काढा, सुकू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. तिथे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. त्यावर धूळ बसते, आणि तेलानं रबर फुगतं. रबराला चिरा गेल्या असतील तर ते बदला.

मग करंट. डोअर पॅड काढा, मोटरीचा कपलर जोडलेलाच ठेवा आणि स्विच दाबून त्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावा. कपलर काढून मोजलं तर फसाल, कारण भार नसताना जळक्या कॉन्टॅक्टमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. मोटरीपाशी नऊच पोचत असतील तर बाकीचे पाच वाटेत कुठेतरी खर्च होताहेत. फ्युजची पकड, दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वाकून वाकून तुटत आलेली वायर आणि स्विचचे कॉन्टॅक्ट, या क्रमानं बघा.

स्विचमध्ये एक मेख आहे, आणि भले भले तिथे चुकतात. दोन वायरींच्या मोटरीत ‘वर’ दाबलं की एका वायरीला पॉझिटिव्ह मिळतो, पण अर्थ परत जातो तो ‘खाली’च्या बाजूच्या कॉन्टॅक्टमधून. म्हणजे काच वर जात नसेल तर जळालेला कॉन्टॅक्ट ‘खाली’चा असू शकतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत डावीकडच्या काचेचा करंट ड्रायव्हरच्या मुख्य स्विचमधून फिरून येतो. बिघाड एका दरवाजात दिसतो, पण असतो दुसऱ्यात. स्विच उघडून कॉन्टॅक्ट साफ करायला एक संध्याकाळ पुरते.

एवढं करूनही काच हलली नाही, तर मोटरीचा कपलर काढा आणि बॅटरीपासून २० अँपिअरच्या फ्युजमधून थेट दोन वायरी तिला द्या. खाली न्यायची असेल तर वायरी उलटवा. दोन्हीकडे जोरात फिरली तर मोटर शाबूत आहे. घरघरली, गरम झाली किंवा गप्प राहिली, तर आता बाजारात जा.

जाताना जुनी मोटर पिशवीत घ्या. डावी-उजवी, माउंटिंगची भोकं, गरारीचे दात आणि कपलर, सगळं शेजारी ठेवून जुळवा. दुकानातच बॅटरीवर दोन्ही दिशांना फिरवून बघा. आतून खडखड आली तर नको म्हणा. जुन्या मोटरींत चिकटवलेलं चुंबक सुटतं, ते आर्मेचरला घासतं. भोकांतून गंज डोकावत असेल तरी नको. पर्याय असेल तर मागच्या दरवाजाची मोटर मागा. टोल, पार्किंग, पत्ता विचारणं, सगळीकडे ड्रायव्हरची काच खाली-वर होते, मागची क्वचितच. ती तुमच्या रेग्युलेटरवर, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेवर, बसते की नाही, तेवढं मात्र तपासा. दरवाजाचा माल कुठून आला तेही विचारा. बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांचे मालक असाल तर आणखी सावध राहा. तिकडच्या गाड्या १९५३ ते १९५६च्या दरम्यान ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. त्या काळातल्या अनेक मोटरींत वर-खालीसाठी वेगवेगळी वेटोळी असतात आणि अर्थ मोटरीच्या अंगातूनच मिळतो. तिथे नंतरची दोन वायरींची मोटर नुसती जोडून चालत नाही. रिले घालून वायरिंग बदलावं लागतं.

बसवताना सगळ्यात मोठा धोका विजेचा नाही, स्प्रिंगचा आहे. बऱ्याच रेग्युलेटरवर काचेचं वजन तोलायला घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिला रोखून धरते ती मोटर. मोटरीचे बोल्ट काढले की दातेरी पट्टी झटक्यात फिरते आणि बोटं चिरडते. म्हणून आधी पट्टी आणि मागची प्लेट यांच्या आरपार एक बोल्ट घालून दोन्ही जखडा, मगच मोटरीला पाना लावा. काच वर करून दरवाजाच्या चौकटीला रुंद टेपनं बांधा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. फ्युज उडतो म्हणून मोठा फ्युज लावणं हा उपाय नव्हे. त्यात वायरिंग पेटतं.

डोअर पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद मेकॅनिक फाडून फेकतात, तो फेकू देऊ नका. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दरवाजाच्या आत उतरतं, खालच्या भोकांतून बाहेर जातं. त्या पाण्यापासून डोअर पॅड आणि गाडीची आतली बाजू तो कागद वाचवतो. फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक कापून नवा चिकटवा. दरवाजाच्या तळाची भोकं तारेनं मोकळी करा. ती बुजली की पाणी आत साचतं आणि कोकणातला, मुंबईतला पावसाळा मोटर गंजवून टाकतो.

आणि काढलेली मोटर कचऱ्यात टाकू नका. तिच्या कव्हरवर मॉडेल आणि बाजू लिहून ठेवा. गरारी, कार्बन, कव्हर यांतलं काही ना काही चांगलं असतंच. तुमच्या गटात तशीच गाडी असणाऱ्याला ती द्या, आणि त्याच्याकडचं मागून घ्या. नवे सुटे भाग बनवणारं कुणी उरलं नसेल, तर या गाड्या चालू ठेवणं आपल्या एकमेकांवरच आहे.