पाय बधीर झाले, माणूस नाही



गेल्या हंगामात ज्वारीचं धसकट माझ्या तळपायात घुसलं. चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. दुखलंच नाही. कॅन्सर बरा झाला, पण केमोने पायाच्या नसा गेल्या.

हे माझ्या एकट्याचं दुखणं नाही. सिसप्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, अंगणातल्या सदाफुलीपासून निघणारं व्हिन्क्रिस्टिन, ही औषधं जीव वाचवतात आणि नसाही बिघडवू शकतात. पहिल्या दोन औषधांचा त्रास ती बंद केल्यावरही काही महिने वाढू शकतो. मी कृषी पदवीधर. फवारणीचं प्रमाण गावोगाव सांगत फिरलो. स्वतःच्या हातापायाच्या मुंग्या मात्र डॉक्टरांपासून लपवल्या. वेळेत सांगितलं तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. तुम्ही लपवू नका.

बैल पाय ओढू लागला तर आपण त्याला जुवातून सोडतो. माणसाला मात्र आळशी म्हणतो. बधीर पायाने सरीत तोल जातो, बधीर बोटांनी कापूस वेचता येत नाही. हा आळस नव्हे.

अनवाणी वावरात जाऊ नका. रोज रात्री तळपाय तपासा.

शिबिरात माझे दोन्ही पाय शाबूत पाहून मला परत पाठवलं. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मज्जासंस्थेचे जुनाट आजारही धरले आहेत. 40 टक्के अपंगत्व ठरलं तर सवलतींचा दावा करता येतो. प्रमाणपत्र मागा. ती भीक नाही, हक्क आहे.

आणि पुढच्या बैठकीत सतरंजीशेजारी चार खुर्च्याही मांडा. ज्याला खाली बसून उठता येत नाही, तोही लढाईतच आहे.