सहा पोरांमागे एक

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायला आठ दिवस होते. आमच्या पहिल्या वर्षाच्या विभागात रात्री साडेनऊपर्यंत दिवे चालू होते आणि टेबलावर निळ्या फाइलींचा ढीग होता. फाइलींवर लिहिलेलं होतं, 'मेंटॉर-मेंटी रेकॉर्ड'. प्रत्येक विद्यार्थ्याचा चार पानी फॉर्म, दर महिन्याला एक भेट, भेटीत काय बोलणं झालं त्याच्या दोन ओळी, खाली त्याची सही, शेजारी आमची. वर्षभर कोरे राहिलेले रकाने एका बैठकीत भरायचे होते. एका मुरलेल्या सहकाऱ्याने बजावलं, 'सर, सगळं एकाच पेनाने भरू नका, कमिटीला कळतं.' मग कधी निळं, कधी काळं, मधेच जेलपेन, असं करत आम्ही सप्टेंबर ते मार्च उरकले. जी पोरं हाताशी नव्हती त्यांच्या सह्या वर्गाच्या सीआरने ठोकल्या. माझ्या वीस पोरांपैकी एकाच्या फॉर्मवर फेब्रुवारीच्या रकान्यात मी लिहिलं, 'प्रगती समाधानकारक'.

तो मुलगा डिसेंबरातच कॉलेज सोडून गावी गेला होता.

समितीने फाइली चाळल्या, माना डोलावल्या, चहा घेतला.

हा मुलगा मला एकदाच भेटायला आला होता. स्टाफरूमच्या दाराशी उभा, हातात गुंडाळलेली शीट, खांद्याला मिनी ड्राफ्टरची लांबोडकी पिशवी. ग्राफिक्सच्या सरांनी शीट दुसऱ्यांदा रिजेक्ट केली होती. त्याने विचारलं, 'सर, फर्स्ट अँगल म्हणजे नेमकं काय?' मी म्हणालो, 'वर्गात लक्ष कुठे असतं तुझं?' तो 'सॉरी सर' म्हणून वळला. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, शेवटच्या फेरीत त्याला जागा मिळाली होती, तो वर्गात आला तेव्हा प्रोजेक्शन शिकवून झालं होतं, हे मला पुढे त्याच्या प्रवेशाच्या तारखेवरून कळलं. ती तारीख फॉर्मच्या पहिल्याच पानावर होती आणि फॉर्म सप्टेंबरपासून माझ्याच कपाटात पडून होता.

तो गेल्याचं कळलं तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, 'झेपलं नाही त्याला.' हा आपल्या समाजाचा फार लाडका शब्द. एकदा 'झेपलं नाही' म्हटलं की ओझं कुणी रचलं आणि उचलताना हात कुणी लावला, हे विचारायची गरज उरत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, अकरावी-बारावी क्लासच्या नोट्सवर काढलेला, घरातला पहिलाच कॉलेजात आलेला मुलगा आपण जूनमध्ये फ्लेक्सवर चढवतो. गावात पेढे वाटतो, सरपंचाच्या हस्ते शाल-श्रीफळ देतो. मग एस्टीत बसवून देतो आणि मोकळे होतो. एम-वन म्हणजे पहिलं गणित, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, प्रोग्रॅमिंग हे सगळं एकदम अंगावर आलेलं, सगळं इंग्रजीत, मेसचं पाणचट वरण आणि रूममध्ये तीन अनोळखी माणसं. त्यात घरी फोन केला तर आई एवढंच विचारते, 'जेवलास का?' आणि तो 'हो' म्हणतो. नापास होण्याची भीती कोणत्या शब्दांत सांगायची हे त्याला ठाऊक नसतं, आणि सांगितली तरी घरात ती समजणारं कुणी नसतं.

इथे माझ्या पिढीचे लोक छाती पुढे काढून विचारतात, 'आमच्या वेळी कुठे होते मेंटॉर? आम्ही नाही झालो इंजिनिअर?' झालात ना. पण तुमचा मामा पीडब्ल्यूडीत होता. चुलतभाऊ दोन वर्षं पुढे होता आणि त्याच्या नोट्स, त्याची जर्नलं, त्याचा ड्राफ्टर तुमच्याकडे आला. कोणत्या सरांच्या ओरलला काय विचारतात हे तुम्हाला जेवणाच्या ताटावर कळलं. एम-वन राहिला तेव्हा वडील म्हणाले, 'मलाही केटी लागली होती, पुढच्या वेळी सुटेल.' हे मार्गदर्शन नव्हतं तर काय होतं? तुम्ही त्याला 'ओळख' म्हणत होता, एवढाच फरक. ज्यांच्या घरी हे धन पिढीजात आहे त्यांनी ते नसलेल्याला दुबळा ठरवायचं, हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. पूर्वी तो पोथीवरून चाले, आता पर्सेंटाइलवरून चालतो.

बरं, नियम नाहीत म्हणावं तर तेही खरं नाही. यूजीसीने २००९ मध्ये रॅगिंगविरोधी विनियम आणले, त्यातच हे लिहून ठेवलं आहे. नव्या विद्यार्थ्यांचे लहान गट करा, प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवा. वरच्या वर्गातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या विद्यार्थ्यांचा मेंटॉरिंग सेल काढा, सहा नव्या पोरांमागे एक मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरमागे वरच्या वर्गातला एक. किती शहाणपणाचा आकडा आहे पाहा! सहा नावं कुणालाही पाठ होतात. पण त्या विनियमांतलं आपण काय उचललं? शपथपत्र. पोराने आणि बापाने ऑनलाइन भरायचं आणि कॉलेजने प्रिंट काढून लावून ठेवायचं. पोराचा छळ करणार नाही एवढं लिहून घेतलं, पण त्याला धरून ठेवू असं कुणी कुणाला लिहून दिलं नाही.

पुढे एआयसीटीईने पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आखून दिला. वीस मुलांमागे एक शिक्षक, त्यांच्याशी गप्पा, चित्रकला, खेळ, गावात फेरफटका, आणि हे नातं पुढेही टिकवायचं. आमच्याकडे कॅपच्या फेऱ्या लांबतात, सेमिस्टर आखूड होतं, आणि तीन आठवड्यांचे तीन दिवस होतात. पहिल्या दिवशी संस्थापकांच्या पुतळ्याला हार, अध्यक्षांचं दीड तासाचं भाषण, दुसऱ्या दिवशी प्लेसमेंट सेलचं सादरीकरण. तिसऱ्या दिवशी आयकार्डाचे फोटो. इंडक्शन झालं.

असं का होतं हे कळायला थोडं मागे जावं लागतं. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि हे शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्यापर्यंत पोचलं. त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. माझीही नोकरी त्यातूनच आली. पण त्या दाराने शिक्षणसम्राट आले तसा एक हिशेबही आला. त्या हिशेबात पोरगं म्हणजे एक भरलेली सीट. उन्हाळ्यात आम्हा मास्तरांना अ‍ॅडमिशनचं टार्गेट असतं. मी स्वतः गावोगावच्या ओसऱ्यांवर बसून, पोह्यांची बशी हातात धरून आईबापांना सांगितलं आहे, 'काळजी करू नका, आता हा आमचा मुलगा.' ऑक्टोबरात तोच मुलगा जिन्यात भेटला तर मला त्याचं नाव आठवत नव्हतं. आणि एकट्या मास्तराला तरी किती झोडायचं? पहिल्या वर्षाला गणित-फिजिक्स शिकवणारे निम्मेअधिक तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर. पगार कधी चार महिन्यांनी, कधी अर्धा. ज्याचं स्वतःचंच पुढच्या जूनमध्ये काय होणार ठाऊक नाही, त्याने वीस पोरांचा पालकशिक्षक व्हायचं! शिवाय पहिलं वर्ष संपलं की पोरं आपापल्या शाखेत जातात, निकाल शाखेच्या नावावर लागतो. पहिल्या वर्षाचं पोर कुणाचंच नसतं.

आता मोठ्या, नावाजलेल्या संस्थांकडे पाहू, म्हणजे हा प्रश्न फक्त पैशाचा नाही हे कळेल. पवईच्या आयआयटीत सिनिअर विद्यार्थ्यांचा मेंटॉर कार्यक्रम आहे, समुपदेशक आहेत, कशाचीच वानवा नाही. तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याने आयुष्य संपवलं. त्यानंतर जुलैमध्ये संस्थेला लेखी सूचना काढावी लागली की सहाध्यायाला त्याची जेईई रँक विचारू नका, जात कळेल असं काही विचारू नका. देशातल्या सर्वांत हुशार म्हणवणाऱ्या पोरांना हे कागदावर सांगावं लागलं! रँक विचारण्यामागचा हेतू सगळ्यांना कळतो, विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारलं त्यालाही. आमच्या साध्या कॉलेजांत एवढी सफाई नसते. तिथे थेट 'कोणत्या सीटवरून?' असं विचारतात. हे विचारणारा सिनिअर उद्या मेंटॉर म्हणून नेमला तर नवं पोर त्याच्याकडे काय मन मोकळं करणार?

शाहू महाराजांना हे सव्वाशे वर्षांपूर्वी उमगलं होतं. खेड्यातल्या मुलाला शाळेत जागा दिली म्हणजे त्याला शिक्षण दिलं असं होत नाही, हे ओळखून त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, एकामागून एक, वेगवेगळ्या समाजांसाठी. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणि एका पंगतीला बसवली. आपण आज शाहूंच्या नावाची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरतो, हप्ता कधी येतो याची वाट पाहतो, जयंतीला फोटोला हार घालतो. त्यांनी फीबरोबर छप्पर, ताट आणि सोबत दिली होती. आपण फीचा तेवढा फॉर्म ठेवला.

माझ्या आतापर्यंतच्या नोकरीत मी एक गोष्ट नक्की शिकलो. कॉलेजं मेंटॉर म्हणून टॉपर निवडतात, कारण त्याचा फोटो माहितीपत्रकात बरा दिसतो. टॉपरला कुठे अडखळायला होतं हेच माहीत नसतं. एका वर्षी विभागातल्या काही जणांनी, वरून कुणी न सांगता, तिसऱ्या वर्षातली अशी पोरं गाठली ज्यांचे पहिल्या वर्षी दोन-तीन विषय राहिले होते आणि पुढे सुटले होते. एका मुलीला वायडी बसलं होतं, म्हणजे वर्ष वाया गेलं होतं. घरच्यांनी लग्नाची बोलणी सुरू केली होती, ती भांडून परत आली होती. प्रत्येकाकडे सहा पोरं दिली. रविवारी सकाळी सगळे मेसमध्येच बसायचे, डोसा आणि एम-वन. ती मुलगी पहिल्याच दिवशी आपल्या सहाजणींना म्हणाली, 'माझा एम-वन तीनदा राहिला होता. विचारा काय विचारायचं ते.' त्यानंतर टेबलावर जे प्रश्न पडले ते मला वीस वर्षांत एकाही वर्गात कुणी विचारले नव्हते. एकीला लॉग टेबल बघता येत नव्हतं. दुसरी महिनाभर लॅबमध्ये मल्टिमीटरला हात न लावता उभी राहत होती, कारण गटातली पोरं तो तिच्या हाती देत नव्हती. या कामासाठी एक रुपया खर्च झाला नाही. डोशाचे पैसे ज्याचे त्याने दिले. पुढच्या वर्षी हा उपक्रम विभागाच्या अहवालात गेला, त्याला नाव मिळालं, बॅनर मिळालं, समन्वयक मिळाला. रविवारची बैठक बुधवारी ऑडिटोरियममध्ये भरू लागली आणि डिसेंबरपर्यंत बंद पडली.

आणि हा प्रश्न किती मोठा आहे तेही पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या. हे आकडे सगळ्या विद्यार्थ्यांचे आहेत, फक्त इंजिनिअरिंगचे नव्हेत. आणि माझ्या त्या मुलासारखी जी पोरं ड्राफ्टर कुणाला तरी विकून गुपचूप गावची गाडी धरतात, त्यांची तर कुठल्याच वहीत नोंद होत नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्याच्या शिफारशींचीही एक फाइल आमच्या टेबलावर येईल आणि तीसुद्धा दोन रंगांच्या पेनांनी भरण्याची कला आम्हाला अवगत आहे.

म्हणून सांगणं तुम्हाला आहे, आईबापांना. या जूनमध्ये पोराला घेऊन कॉलेजच्या काउंटरवर उभे राहाल तेव्हा प्लेसमेंटचं पॅकेज नंतर विचारा. आधी विचारा, माझ्या मुलाचा मेंटॉर कोण, त्याच्याकडे आणखी किती पोरं आहेत, आणि तो आत्ता इथे मला भेटेल का. सहा पोरांमागे एक, हा नियम २००९ पासून लिहिलेला आहे. काउंटरवरचा माणूस फाइल दाखवायला लागला तर फाइल बंद करा आणि म्हणा, माणूस बोलवा.