चिंता सोडणे म्हणजे काम सोडणे नव्हे



देवावर भार टाकणारा ख्रिस्ती माणूस हातपाय हलवत नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मान्य नाही. येशूने उद्याची चिंता नको म्हटले, पेरणी नको म्हटले नाही. ख्रिस्ती समाजसेविका पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या. एवढ्या जणींना खायला काय घालायचे, हे त्यांनी प्रार्थनेत देवापुढे ठेवले. आणि केडगावच्या आपल्या आश्रमात विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना विणकाम, छपाई शिकवली. आमच्या कळंबच्या चिंतामणी गणेश मंदिराच्या पायऱ्या उतरणारा कापूसवाला शेतकरीही दर्शन घेऊन शेतातच जातो. कर्जाच्या घोराने रात्र रात्र जागणाऱ्या या जिल्ह्यात प्रार्थनेला पळपुटेपणा म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

— एक ख्रिस्ती वाचक, कळंब (जि. यवतमाळ)