साखरेच्या रकान्यात भोपळा

शाळेत गणितात भोपळा मिळाला की घरी काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको. आज मात्र प्रत्येकाने भोपळा मिळवावा असा माझा आग्रह आहे, पण तो साखरेच्या रकान्यात!

त्याचं असं आहे, ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचे फोटो यायला लागतात. हातात कागदी पेला, वर फेसाचा डोंगर, त्यावर दालचिनीची पूड, आणि खाली लिहिलेलं, 'पम्पकिन स्पाइस'! यंदा फोटोच्या मागोमाग पाककृतीही आली. घरच्या घरी, पौष्टिक आणि 'शुगर-फ्री'. मोठ्या उत्साहाने साहित्य वाचायला घेतलं. शिजवलेला भोपळा, दूध, मसाला... इथपर्यंत ठीक. पुढे आठ खजूर आणि दोन चमचे मध. खाली टीप, 'भारतात असाल तर गूळ घाला.'

म्हणजे पांढरी साखर तेवढी नाही. बाकी गोड सगळं आहे!

मुळात हे पेय काय आहे ते आधी बघू. अमेरिकेत भोपळ्याचा गोड पाय करतात, त्यात घालायचा मसाला मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ मध्ये तयार डबीत विकायला आणला. दालचिनी, सुंठ, जायफळ, आणि कुणी लवंग घालतं तर कुणी ऑलस्पाइस. हाच मसाला २००३ मध्ये स्टारबक्सने कॉफीत घातला आणि त्याची लाट आली. गंमत म्हणजे २०१५ पर्यंत त्या कॉफीत भोपळा औषधालाही नव्हता! नाव भोपळ्याचं, वास मसाल्याचा आणि चव साखरेची. नेहमीच्या पद्धतीने बनवलेल्या जवळजवळ अर्ध्या लिटरच्या पेल्यात साखर असते सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे चहाचे बारा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाची दिवसभराची कमाल मर्यादाच तेवढी आहे, आणि शक्य झाल्यास त्याच्या निम्मीच खावी असंही त्यांचं म्हणणं आहे. त्या हिशेबात मधही धरलेला आहे बरं का.

तेव्हा घरी करावंसं वाटणं अगदी योग्य. आणि ते करायला आपल्या रत्नागिरीइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. तांबडा भोपळा पावसात कुंपणावर नाहीतर मांडवावर चढलेला असतोच. नारळाचं तर बोलायलाच नको. मसाल्याचं म्हणाल तर शहरातून काजळी नदीचा पूल ओलांडला की भाट्याला नारळ संशोधन केंद्र लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी लावायची 'लाखी बाग' इथलीच. विद्यापीठाच्या जायफळाच्या जातीचं नाव 'कोकण सुगंधा' आणि दालचिनीच्या जातीचं 'कोकण तेज'. भोपळा मूळचा अमेरिकेचा, जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं, पण आज दोन्ही आपल्या परसात एका हाकेच्या अंतरावर आहेत. अमेरिकेतल्या भाच्यांना जो मसाला डबीतून घ्यावा लागतो तो इथे झाडावर दिसतो!

असो. मुद्दा गुळाचा आहे.

आपल्याकडे पाहुणा मधुमेही असला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "घ्या हो काका, गुळाचं आहे, चालतं तुम्हाला!" बोलणाऱ्याच्या मनात माया असते, त्यात शंका नाही. काकांनाही तेच ऐकायचं असतं. पण शंभर ग्रॅम गुळात ८० ग्रॅमच्या वर साखरच असते. मधातही साधारण तेवढीच. बी काढलेला खजूर घेतलात तर ६५ ते ७५ ग्रॅम. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं, पण चमचाभर गुळातून मिळतात ती किती आणि त्याबरोबर साखर जाते ती किती, हा हिशेब कुणी मांडत नाही. काकांच्या रक्ताला गूळ देशी आहे की सेंद्रिय हे कळत नाही. त्याला फक्त साखर कळते.

आणि हे काका काही एकटे नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे १०.१ कोटी आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी लोक असल्याचा अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक गोतावळ्यात कुणीतरी आहेच. त्यातल्या कितीतरी जणांना 'बिनसाखरेचं' म्हणून गूळ पाजला जातो. उघड साखर घातलेली असती तर त्यांनी अर्धा पेला घेऊन ठेवला असता. गुळाचं म्हटल्यावर दोन पेले पितात. म्हणून ह्या खोट्या नावाचा मला साखरेपेक्षा जास्त राग येतो. साखर निदान लपून येत नाही.

मग गोड गोळ्या किंवा पावडरी घालाव्यात का? मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशी गोडवणं वापरू नयेत असं सुचवलं. मधुमेह आधीच झालेल्यांना ती शिफारस लागू नाही, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारून काय ते ठरवावं. माझा आक्षेप साधा आहे. गोळी घातली की जीभ आहे तिथेच राहते. तिला तेवढंच गोड लागतं आणि उद्या दुसऱ्या पेयातही ती तेवढंच मागते.

माझं म्हणणं असं की साखरेच्या जागी दुसरं काही घालायचंच नाही. ती जागा रिकामी ठेवायची. भोपळा स्वतः गोडसर असतो. दालचिनी, जायफळ यांचा वास आपण जन्मभर गोडाबरोबरच घेत आलोय, श्रीखंड म्हणा, पुरणपोळी म्हणा. तो वास आला की जीभ अर्धी फसतेच. वर चिमूटभर मीठ घातलं की उरलेलं काम होतं.

आता कृती. चार लहान पेल्यांसाठी:

पिकलेला, आतून गडद केशरी असलेला भोपळा पाव किलो घ्यावा (सालं-बिया काढून). फोडी करून मोदकपात्रात वाफवाव्यात. पाण्यात उकडू नयेत, गोडी पाण्यात जाते. अर्ध्या नारळाचं खोबरं कोमट पाणी घालून वाटावं आणि वाटी-दीड वाटी दूध काढावं. दालचिनीची पूड पाव चमचा, सुंठ चिमूटभर, एक लवंग कुटून, जायफळ किसणीवर दोनदा फिरवून तेवढंच. जायफळाच्या बाबतीत हात आखडताच ठेवा, जास्त झालं तर ते चांगलंच बाधतं. भोपळा, नारळाचं दूध, मसाला आणि मीठ मिक्सरमधून अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवावं. दाट वाटलं तर पाणी घालावं. गाळू नये, चोथा पोटात जाऊ द्यावा. गरम हवं तर मंद आचेवर ढवळत नुसतं कोमट करावं, उकळलं की नारळाचं दूध फाटतं. कॉफी हवी असेल त्यांनी कडक कोरी कॉफी दोन चमचे घालावी.

नारळाच्या दुधाचा आणखी एक फायदा. भोपळ्याचा केशरी रंग ज्या कॅरोटीनचा, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि ते अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो. तो इथे आपोआप मिळतो. मात्र नारळाच्या दुधातला स्निग्धांश संपृक्त असतो, तेव्हा पेला लहानच बरा!

"पण भोपळ्याने साखर वाढते ना?" हा प्रश्न येणारच. भोपळ्यातली साखर रक्तात लवकर उतरते, यात तथ्य आहे. पण मुळात ती आहे किती? पाव किलो भोपळ्यात कर्बोदकं साधारण १६ ग्रॅम, त्यातली साखर सात ग्रॅमच्या आसपास. चार पेल्यांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन ग्रॅमही नाही. ज्यांच्या घरी साखर तपासायचं यंत्र आहे त्यांनी पहिल्या दिवशी पिण्याआधी आणि दोन तासांनी मोजून बघावी. माझ्या शब्दावर विसंबू नका.

आता खरं नाव द्यायचा आग्रह धरलाय तर तो स्वतःलाही लावायला हवा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे शंभर ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर त्या पदार्थाला 'शुगर-फ्री' म्हणता येत नाही. त्या मापाने माझं पेयही शुगर-फ्री नाही! भोपळ्याची स्वतःची साखर त्यात आहेच. म्हणून मी त्याला 'वरून साखर न घातलेलं' म्हणेन. नाव लांबलचक आहे, पण खरं आहे.

पहिल्या दिवशी ते अळणी लागेल, हे आधीच सांगून ठेवते. मुलं तोंड वाकडं करतील. आठवडाभर धीर धरा, जिभेला सवय होते. चहातली साखर सोडलेल्यांना विचारा, त्यांना आता दुसऱ्याकडचा चहा पाकासारखा लागतो.

याचा अर्थ घारग्यांवर माझा राग आहे असं नाही हं! घारगे गुळाचेच व्हायला हवेत आणि वर तुपाचा गोळा हवा. 'शुगर-फ्री घारगे' असलं काही करून घारग्यांचा अपमान करू नये. ज्या दिवशी खायचे त्या दिवशी गोड म्हणून, मोजून दोन खावेत. लेकीकडे तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन भोपळ्यातून परतणारी गोष्टीतली म्हातारीसुद्धा आपण काय खाल्लं ते लपवत नव्हती. :-)

आणखी एक. हे पेय मधुमेह्यांसाठी म्हणून वेगळ्या भांड्यात करू नका. सगळ्यांना गोड आणि एकट्या काकांना कोपऱ्यात फिकं, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या फिक्या पेल्यापायीच माणूस चोरून गोड खायला लागतो. एकच भांडं करा आणि सगळ्यांनी तेच प्या. मग काकांना कुणी "चालतं हो" म्हणायची गरजच पडणार नाही.

तर मंडळी, करून बघा आणि कसं झालं ते जरूर कळवा. साखर किती घातली ते मी विचारणार आहेच. उत्तर एकच चालेल, भोपळा!