तिकीट नंतर, मर्यादा आधी



आज एक मत मांडायचे आहे, आणि त्याआधी माझी एक चूक कबूल करायची आहे.

न्यू जर्सीहून चिरंजीवांचा फोन आला. "आई, या डिसेंबरात तुमच्या लग्नाला 35 वर्षे होतात. तुम्ही दोघे या, काका-काकूंनाही आणा. आपण सगळे क्रूझने पनामा कालव्यातून जाऊ." पाठोपाठ तीन सहलींची माहिती फोनवर आली. मी लगेच वही-पेन घेऊन बसले. लग्नाच्या साड्या निवडाव्यात तशा हौसेने मी पंधरा दिवस क्रूझ निवडत होते.

आधी कालव्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणाऱ्या जमिनीच्या अरुंद पट्टीतून हा सुमारे 80 किलोमीटरचा कालवा काढला आहे. आधी फ्रेंचांनी प्रयत्न केला, तो फसला. मग अमेरिकेने 1904 मध्ये काम हाती घेतले आणि 15 ऑगस्ट 1914 रोजी कालवा सुरू झाला. त्या आधी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे जहाज सगळी दक्षिण अमेरिका वळसा घालून जायचे. कालव्यामुळे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर वाचले. मात्र केवळ अमेरिकेच्या काळात तिथे साडेपाच हजारांहून अधिक मजूर अपघाताने आणि तापाने गेले. त्यांत बहुतेक वेस्ट इंडीज बेटांवरून पोटासाठी आलेले होते.

गंमत अशी की हा कालवा सपाट नाही. मध्ये गाटुन नावाचे मोठे तळे आहे, चाग्रेस नदीवर धरण बांधून केलेले. ते समुद्रापासून 26 मीटर उंचावर आहे. जहाज एका दारबंद हौदात शिरते, मागचे दार लागते, वरून तळ्याचे पाणी उतारानेच हौदात येते आणि जहाज वर उचलले जाते. पंप कुठेच नाही. असे तीन टप्पे चढायचे, तळे पार करायचे आणि पलीकडे तीन टप्पे उतरून पॅसिफिक महासागरात जायचे. सकाळी शिरलेले जहाज आठ-दहा तासांनी बाहेर पडते.

मुलाने पाठवलेल्या तीन सहलींपैकी एक पूर्ण होती: फ्लोरिडाहून निघून, कालवा ओलांडून कॅलिफोर्नियाला, दोन आठवड्यांहून अधिक. दुसरी अर्धी: गाटुनच्या तळ्यापर्यंत चढायचे आणि त्याच दारांनी उतरून फ्लोरिडाला परत, दहा-अकरा दिवसांत. तिसऱ्या सहलीत जहाज कालव्यात शिरतच नव्हते. ते कोलोन बंदराला लागणार आणि तिथून बसने जाऊन काठावरून कालवा बघायचा.

आता आपल्यात क्रूझचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "जैन जेवण मिळतं का?" मीही तोच विचारला. मिळते. आधी कळवले तर कांदा, लसूण, बटाटा वगळून करून देतात. पण जेवण काय मिळते यापेक्षा ते किती वाजता मिळते हे महत्त्वाचे. पनामा विषुववृत्ताजवळ आहे, तिथे बाराही महिने दिवस साधारण बारा तासांचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य 6 ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. सूर्यास्तापूर्वी दोन घडी, म्हणजे 48 मिनिटे आधी जेवण आटोपायचे असेल तर सव्वापाचला ताटावरून उठायला हवे. जहाजावरची जेवणाची पहिली पंगतच बहुधा साडेपाचच्या आसपास बसते. म्हणजे पदार्थ जैन आणि वेळ अजैन! वर, जहाज पुढे सरकेल तशी घड्याळे बदलतात. तेव्हा पाचच्या आधी गरम जेवण कुठे मिळेल, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

हे सगळे वहीत उतरवत असताना एका आकड्याशी मी थांबले. एक जहाज कालवा ओलांडते तेव्हा जुन्या हौदांतून सुमारे 20 कोटी लिटर पाणी जाते. हे समुद्राचे खारे पाणी नव्हे. ते तळ्याचे गोडे पाणी. पनामा सिटी आणि कोलोन ही शहरे याच पाण्यावर जगतात. जहाजावर 2,000 प्रवासी धरले तर माणशी 1 लाख लिटर होते. आपल्याकडे शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. त्या हिशोबाने पाच माणसांच्या घराला हे जवळजवळ पाच महिने पुरेल. 2016 मध्ये नवे मोठे हौद झाले. त्यांच्या शेजारी पाणी साठवायची कुंडे आहेत, त्यामुळे दर वेळचे सुमारे 60 टक्के पाणी पुन्हा वापरता येते. तरीही 2023 मध्ये पाऊस हुकला, तळे उतरले आणि रोजची सुमारे 36 जहाजांची ये-जा 25 च्या खाली आणावी लागली.

आपण पाणी गाळतो. गाळून झाल्यावर कापडावरचे जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात अलगद सोडायचे, हे माझ्या आजीने मला विहिरीवर शिकवले. विहिरीचे विहिरीत, नदीचे नदीत. त्या संस्काराची बाई मी, आणि गोड्या तळ्याचे कोट्यवधी लिटर पाणी, त्यातल्या असंख्य जीवांसह, खाऱ्या समुद्रात सोडणाऱ्या सहलीची खोली निवडत होते. बाल्कनीची घ्यावी की बिनबाल्कनीची!

त्या संध्याकाळी सामायिकाला बसले आणि आठवले. सहा वर्षांपूर्वी माताजींच्या समोर मी दिग्व्रत घेतले आहे. पूर्वेला सिंगापूर, पश्चिमेला न्यू जर्सीतले मुलाचे घर. त्यापलीकडे जाणार नाही. पनामा त्या घराच्याही पश्चिमेला आहे. मर्यादा वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेली होती, आणि त्याच वहीत मी पंधरा दिवस क्रूझचे दर लिहीत होते.

तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वर, खाली आणि आडव्या दिशांना मर्यादा ओलांडणे हे तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे ठरवलेले क्षेत्र वाढवणे. पाचवा स्मृत्यंतराधान, म्हणजे मर्यादेचा विसरच पडणे. मी पूर्वी विचार करायचे, घेतलेले व्रत कोण कसे विसरेल? आता कळले. कोणी पापाच्या ओढीने विसरत नाही. मुलाच्या प्रेमाने, सवलतीच्या तारखेने, बाल्कनीच्या खोलीने विसरतो.

एका मैत्रिणीने तोडगा सुचवला. "तू सिंगापूरला थोडीच जाणारेस? पूर्वेचं कमी कर आणि पश्चिमेला वाढव." बिचारीला माहीत नव्हते, पण क्षेत्रवृद्धी समजावताना अगदी हेच उदाहरण देतात. एका दिशेचे काढून दुसऱ्या दिशेला जोडायचे!

काही जणी म्हणतील, ही जुनी व्रते. तेव्हा समुद्र ओलांडणेच अवघड होते, आता विमान आहे. मला नेमके उलटे वाटते. समुद्र, नदी, डोंगर यांच्या खुणा धरून मर्यादा आखावी असे आचार्यांनी सांगितले. पनामात माणसाने डोंगर फोडला आणि दोन समुद्र जोडले. बाहेरच्या खुणा उरल्या नाहीत, म्हणून आतली खूण जास्त लागते. ज्या काळात पैसा आणि तिकीट दोन्ही हाताशी आहेत, त्याच काळात "इथवर पुरे" म्हणण्याला अर्थ आहे. दिग्व्रत आपल्याला कोंडत नाही. त्या रेषेपलीकडच्या सगळ्या जीवांना माझ्याकडून अभय आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मुलाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, मी तुझ्यासाठीच ठरवलं होतं." हे वाक्य मला अजून टोचते. व्रताची किंमत आपण एकट्याच भरत नाही, घरचेही भरतात. पण मी पहिल्याच फोनला सांगितले असते तर त्याचे मन एवढे दुखावले नसते. चूक व्रताची नाही, माझ्या विसराची आहे.

आता जाऊबाई आणि भाऊजी जाणार आहेत. त्यांचे दिग्व्रत नाही. त्यांची क्रूझ मीच निवडून दिली. आधी तिसरी, काठावरची सहल सुचवली. अग्वा क्लारा आणि मिराफ्लोरेसला प्रेक्षकांसाठी खास सोय आहे, आपल्यासाठी पाण्याचा एक थेंबही जास्त सांडत नाही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, कालव्यातून जायचं म्हणजे जायचंच." मग अर्धी सहल मी खोडली. तिच्यात पाणी निम्मे लागत नाही. चढायला आणि उतरायला ते तेवढेच लागते, आणि पोहोचतो मात्र निघालो तिथेच. याला अनर्थदंड नाही तर काय म्हणायचे? जायचे तर पार जावे, म्हणून पूर्ण सहल घेतली. महिना डिसेंबर: चातुर्मास संपलेला, कार्तिकातली अष्टान्हिका झालेली, आणि तिकडचा पावसाळा सरत आल्याने तळेही सहसा भरलेले. पाचच्या आत जेवणाचे लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरले. जाऊबाईंनी परत येईपर्यंत रोजच्या अंघोळीला एकच बादली, असा नियम आपणहून घेतला. त्याने 20 कोटी लिटर भरून निघत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे.

कोणी कुठे जावे हे मी सांगणार नाही. सांगायचे एवढेच की आपण तिकीट आधी काढतो आणि मग धर्म त्या तिकिटात कसा बसेल ते बघतो. डबा बांधून घेतला की धर्म झाला, असे समजतो. क्रम उलटा करून बघा. वही उघडा, पहिल्या पानावर आपली मर्यादा लिहा, आणि मगच दरपत्रक हातात घ्या. दिग्व्रत नसेल तर निदान या एका सहलीपुरती तरी रेषा आखा: किती लांब, किती दिवस, कशासाठी.

35 वर्षे पूर्ण होतील त्या दिवशी आम्ही दोघे कुंभोजला, बाहुबलीच्या डोंगरावर जाणार आहोत. ह्यांना पनामाची हौस होती, हे मला माहीत आहे. "भाऊजींबरोबर तुम्ही जाऊन या," असे मी दोनदा म्हटले. ते नुसते हसले आणि म्हणाले, "पायऱ्या चढताना तुझी पिशवी कोण धरणार?"

माताजींचा विहार सध्या जवळच आहे. या रविवारी जाऊन प्रायश्चित्त घेणार आहे. वही बरोबर नेईन.