रस्त्याखालची वायुवाहिनी आणि वरची बेजबाबदारी

८ एप्रिल १९७० च्या संध्याकाळी जपानमधील ओसाका शहरात जे घडले, त्याची आठवण आपल्या महानगरांतील मेट्रोच्या शिल्पकारांना करून देणे अगत्याचे झाले आहे. महिन्यापूर्वीच तेथे जागतिक प्रदर्शनाचे उद्घाटन झाले होते. शहर पाहुण्यांसाठी नटले होते आणि भुयारी रेल्वेच्या तानिमाची मार्गाचे काम रात्रंदिवस चालू होते. रस्ता खणायचा, खड्ड्यावर पोलादी तुळया व झाकणे टाकून वाहतूक चालू ठेवायची आणि खाली बांधकाम करायचे, अशी ही पद्धत. मातीत सुखाने पहुडलेली वायुवाहिनी या खोदकामामुळे उघडी पडली आणि तुळयांना टांगून ठेवण्यात आली. मातीचा आधार गेलेल्या या वाहिनीचा एक सांधा निखळला. झाकणांखालची पोकळी वायूने भरली. वास आला म्हणून धावत आलेल्या वायुकंपनीच्या गाडीचे इंजिन नेमके त्या जागी बंद पडले, ते पुन्हा सुरू करताना ठिणगी पडली आणि गाडी पेटली. आग पाहायला माणसे जमली. ती झाकणांवरच उभी होती. काही मिनिटांतच स्फोट झाला आणि झाकणे माणसांसकट आकाशात उडाली. ७९ माणसे ठार आणि ४२० जखमी झाली.

पंचवीस वर्षांनी, २८ एप्रिल १९९५ रोजी, दक्षिण कोरियातील देगू शहराने तोच धडा अधिक भयंकर रूपात घेतला. भुयारी रेल्वेच्या खड्ड्याजवळ एका मोठ्या दुकानाच्या इमारतीचे काम चालू होते. तेथील कंत्राटदाराच्या यंत्राने वायुवाहिनीला भोक पाडले. वायू गटारातून झिरपत रेल्वेच्या खड्ड्यात साठला आणि सकाळच्या गर्दीच्या वेळी त्याचा स्फोट झाला. १०१ जण मृत्युमुखी पडले व त्यांत शाळेला निघालेली मुले मोठ्या संख्येने होती. वाहिनी फुटल्याची खबर वायुकंपनीला तत्काळ दिली गेली असती, तर कदाचित ही मुले शाळेत पोहोचली असती. ज्याच्या हातून चूक होते त्याला ती लपवावीशी वाटते, कारण चूक कबूल करण्याचा दंड त्याला ठाऊक असतो आणि लपवण्याचा दंड दुसरे कोणी तरी भरते.

या दोन्ही घटनांत वाहिनी एकाची, खड्डा दुसऱ्याचा आणि यंत्र तिसऱ्याचे होते. मरणारे मात्र या तिघांपैकी कोणाचेच कारभारी नव्हते. आपल्या शहरांतही आज हीच रचना उभी आहे, आणि आमच्या चिंतेचे कारणही तेच आहे. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. तेव्हापासून घरोघरी आणि रिक्षा-टॅक्सींना नैसर्गिक वायू मिळू लागला, हे आम्ही स्वागतार्हच मानतो. सिलिंडरच्या रांगेत उभी राहणारी गृहिणी ही सुटका विसरणार नाही. परंतु याच काळात या रस्त्यांखाली जलवाहिन्या, मलवाहिन्या, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा यांची जी दाटी झाली, तिचा एकत्रित व विश्वासार्ह नकाशा मात्र तयार झाला नाही. जो तो आपापला कागद आपापल्या कपाटात ठेवतो, आणि त्या कागदावरची रेघ जमिनीखालच्या वाहिनीशी जुळेलच याची हमी कोणी देत नाही. भारत सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप सुरू केले. खणण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे हे वाहिनीच्या मालकाला विचारावे, असा त्याचा हेतू. हेतू चांगला आहे. पण पोकलेनच्या चालकाला दिवसाच्या शेवटी किती मीटर खणले हे मुकादमाला सांगायचे असते, ॲपवर काय उत्तर आले हे नव्हे.

याचे परिणाम दिसू लागले आहेत. मार्च २०२५ मध्ये अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाब वसाहतीजवळ खोदकामात वायुवाहिनी फुटून भर रस्त्यात आग भडकली आणि रस्त्यावरून जाणारी माणसे होरपळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेंबूरच्या खत कारखान्याच्या आवारात त्रयस्थाच्या हातून मुख्य वाहिनीला इजा झाली आणि वडाळ्याच्या केंद्राला होणारा पुरवठाच खुंटला. मुंबई, ठाणे व नवी मुंबईचे रिक्षावाले आणि टॅक्सीवाले पंपांसमोर रांगा लावून बसले. ज्याची रोजची भाकरी रोजच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे, त्याची ती बुडालेली मिळकत कोणत्याच हिशेबात धरली गेली नाही.

या प्रश्नाची तांत्रिक बाजू सामान्य नागरिकाला कळणार नाही, असे अभियंते मंडळी मानतात. आम्हाला ते मान्य नाही. शहरातील वायूच्या वाहिन्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. मोठ्या दाबाच्या पोलादी आणि त्यांच्यापासून गल्लीबोळांत जाणाऱ्या, सुमारे ४ बार दाबाच्या पॉलीएथिलीनच्या. प्लास्टिकची वाहिनी बाहेरून दाबून तात्पुरती बंद करता येते, पोलादी वाहिनीचे तसे नाही. पुरवठा न थांबवता ती हलवायची तर आधी बाजूने पर्यायी वाहिनी टाकावी लागते, चालू वाहिनीला जोड द्यावा लागतो आणि मगच जुना तुकडा रिकामा करून काढता येतो. या कामाला महिने लागतात आणि कुशल कामगार लागतात. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. परंतु मातीतून झिरपताना हा वास कधी कधी मातीतच शोषला जातो आणि तळघरात शिरलेल्या वायूची वर्दी नाकाला मिळत नाही. हवेत सुमारे ५ ते १५ टक्के वायू मिसळला की ठिणगी पुरते. म्हणूनच वाहिनी आधी हलवणे आणि नंतर खणणे हा क्रम उलटवता येत नाही. उद्घाटनाची तारीख मंत्र्यांच्या सोयीने ठरली की नेमका हाच क्रम उलटतो आणि वाहिनी हलवण्याऐवजी ती 'सांभाळून' काम करा, असा तोंडी हुकूम निघतो.

आता पैशाचा प्रश्न. वाहिनी हलवण्याचा खर्च कोणी सोसावा? आपल्याकडे तो बहुधा मेट्रोच्या प्रकल्पखर्चात धरला जातो. म्हणजे सार्वजनिक कर्जातून आणि पुढे तिकिटातून तो वसूल होतो. भांडवलशाहीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेतील न्यायालयांनी या बाबतीत वेगळा दंडक घातला आहे, हे आमच्या नियोजनकर्त्यांना बहुधा ठाऊक नसावे. न्यू ऑर्लिन्स शहराने सांडपाण्याच्या निचऱ्याची योजना आखली, तेव्हा तेथील वायुकंपनीने आपल्या वाहिन्या हलवण्याबद्दल भरपाई मागितली. १९०५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. रस्ता लोकांचा आहे, त्याखाली वाहिनी टाकण्याची मुभा घेताना लोकहितासाठी ती हलवण्याची जोखीमही कंपनीने पत्करलेली असते, असा त्या निर्णयाचा आशय होता. १९८३ साली नॉरफॉक शहरातील दूरध्वनी कंपनीच्या प्रकरणात याच तत्त्वाचा पुन्हा आधार घेण्यात आला.

आमच्या कंपन्या यावर म्हणतील की रस्ता खणण्याचे व भरण्याचे शुल्क आम्ही महापालिकेला मोजले आहे, आणि हा बोजा आमच्यावर टाकला तर तो ग्राहकाच्या बिलात जाईल. या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे. मुंबईच्या कंपनीत केंद्राच्या 'गेल'चा आणि राज्य सरकारचाही भाग आहे, त्यामुळे सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात, असेही कोणी म्हणेल. परंतु नफ्याचा वाटा भागधारकांना आणि स्थलांतराचा खर्च प्रवाशांना, ही वाटणी न्याय्य कशी? शहरभर वायू विकण्याची मक्तेदारी नियामक मंडळाकडून मिळवणाऱ्या संस्थेने त्या मक्तेदारीचे ओझेही उचलले पाहिजे. बिल वाढवण्याची धमकी देण्यापूर्वी तिने वाटलेल्या लाभांशाचे आकडे लोकांपुढे मांडावेत. आणि पैसे कोणी द्यायचे यावर वाद चालू आहे, म्हणून वाहिनी जागच्या जागी ठेवून खोदकाम रेटणे, हे तर कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो खड्ड्यात उतरणारा माणूस. बिहार, झारखंड, मराठवाडा येथून आलेला हा मजूर मूळ कंत्राटदाराच्या हाताखालच्या दुय्यम कंत्राटदाराच्या पटावर असतो आणि कधी कधी तिथेही नसतो. वास आला तर काम थांबवण्याचा अधिकार त्याला आहे, हे त्याच्या भाषेत त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि थांबवले तर त्या दिवसाची मजुरी मिळेल याची हमीही नसते. ओसाकात रस्त्यावरचे लोक मेले, देगूत मुले मेली, त्यांची स्मारके उभी राहिली. खड्ड्यातला मजूर होरपळला तर त्याचे नाव गावी पोहोचायलाही आठवडा लागतो.

महापालिकेच्या सभागृहांतील आमच्या सहकाऱ्यांनी आणि कामगार संघटनांनी मेट्रो व उड्डाणपुलांच्या प्रत्येक टप्प्यासाठी काही गोष्टींचा आग्रह धरावा. वायुवाहिनी हलवल्याचा किंवा ती नेमकी कोठे व किती खोल आहे हे हाताने खड्डा घेऊन पाहिल्याचा दाखला मिळाल्याखेरीज यंत्राने खोदकाम सुरू होऊ देऊ नये. तो दाखला वायुकंपनी, महापालिका आणि कंत्राटदार या तिघांच्या सहीचा असावा आणि कामाच्या जागी मराठी व हिंदीत लावलेला असावा. ज्या वॉर्डात खोदकाम चालू आहे तेथील नगरसेवकाला तो पाहण्याचा अधिकार असावा. वास येताच काम थांबवणाऱ्या मजुराची मजुरी कापली जाणार नाही, ही अट निविदेतच घालावी. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर येथे खोदकामाच्या नव्या निविदा निघतच आहेत. त्यांत ही अट आहे की नाही, हे पाहण्याचे काम पुढच्या सभेपासूनच सुरू करता येईल.